ताईंना विचारा : 'ण'पाशी चाल अडते, काय करू?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की मुळाक्षरं शिकवताना मुलांच्या ओळखीच्या गाण्याची चाल उसनी घ्या आणि त्यात अक्षरं भरा, म्हणजे घरगुती विडंबनगीतच म्हणा ना. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आलेत की या वेळी दुसरा विषयच घेत नाहीये. काही जणांनी स्वतः रचलेली गाणी पाठवलीत, ती सगळी मी मोठ्याने म्हणून बघितली. खूप छान वाटलं.

प्रश्न : ताई नमस्कार, माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे, एबीसीडीचं गाणं अगदी झोपेतसुद्धा म्हणेल. तुमचं वाचून मी त्याच चालीत क ख ग घ बसवायला गेले, पण सगळं घसरतं. पहिली ओळ 'छ'वर संपते, दुसरी 'ढ'वर, आणि 'ण' एकटाच पुढच्या ओळीत जाऊन पडतो. तिथे मी अडते आणि ती पण अडते. माझं काय चुकतंय? — एक आई, गोरेगाव

उत्तर : अगं, तुझं काहीच चुकत नाहीये, ती चाल दुसऱ्या मापाची आहे एवढंच. मूळ चाल फ्रान्समधली, अठराव्या शतकातली, मोझार्टने सुद्धा तिच्यावर पियानोसाठी बारा प्रकार रचलेत. पुढे लंडनमध्ये १८०६ साली जेन टेलर यांची चांदणीवरची कविता छापून आली, ती या चालीत बसली, आणि १८३५ साली अमेरिकेत बॉस्टनच्या एका संगीत प्रकाशकाने याच चालीत इंग्रजी अक्षरं बसवून त्याचे हक्क नोंदवले. म्हणजे जगभरातली मुलं जे एबीसीडी गातात तेच मुळात उसन्या चालीवरचं आहे, त्यामुळे आपण उसनी चाल घेतो यात कमीपणा बिलकुल नाही.

पण बघ, त्या चालीच्या एका ओळीत सात सूर आहेत. ए ते जी सात अक्षरं बरोब्बर बसली. दुसऱ्या ओळीत मात्र एच ते पी अशी नऊ अक्षरं सातांच्या जागेत कोंबावी लागली, म्हणून ते एल-एम-एन-ओ-पी घाईघाईत म्हटलं जातं आणि कितीतरी मुलांना 'एलेमेनोपी' हे एकच अक्षर वाटतं. शेवटचं यमक तर 'झी'वर बेतलेलं आहे, आपल्या मुंबईच्या शाळांत बाई 'झेड' शिकवतात आणि व्हिडिओत 'झी' येतं, मग मूल मध्येच थबकतं. इंग्रजी अक्षरांसाठी जोडलेल्या चालीत सुद्धा एवढी ओढाताण होते, तर आपली अक्षरं तिथे कशी मावतील?

आपली अक्षरं पाचापाचाच्या ओळीत आहेत आणि ती ओळ तोडायची नाही, हे मी अगदी आग्रहाने सांगते. कारण ही मांडणी तोंडाच्या आतल्या जागेप्रमाणे आहे. क ख ग घ ङ घशाशी, च छ ज झ ञ टाळूशी, ट ठ ड ढ ण ला जीभ मागे वळते, त थ द ध न ला दातांना लागते, आणि प फ ब भ म ला ओठ मिटतात. आतून बाहेर प्रवास आहे हा! आणि प्रत्येक ओळीतलं पाचवं अक्षर नाकातलं. मुलीला नाक चिमटीत धरून 'म' म्हणायला सांग, येणारच नाही, आणि ती इतकी हसेल की ते अक्षर जन्मात विसरणार नाही. तुझ्या चालीत नेमकं हे पाचवं अक्षर ओळीच्या शेवटी यायचं सोडून कुठेही पडतंय, म्हणून तुम्ही दोघी 'ण'ला अडताय.

मग काय करायचं, तर दादरा घ्यायचा. सहा मात्रांचा ताल आहे, पाच मात्रांना पाच अक्षरं आणि सहावीला टाळी. क ख ग घ ङ टाळी, च छ ज झ ञ टाळी. भोंडल्याच्या फेराची एखादी चाल येत असेल तर ती सहात बसते का बघ, किंवा झोपाळ्यावर बसून झोक्याच्या ठेक्यावर म्हण. पुढे य र ल व ही चारच आहेत तर तिथे दोन टाळ्या, श ष स ह ला पण दोन, आणि ळ क्ष ज्ञ ला तीन टाळ्या. मुलं त्या तीन टाळ्यांची वाट बघत बसतात, खरंच सांगते. आणि गंमत म्हणजे टाळीच्या जागी श्वास घ्यायला मिळतो, त्यामुळे कुठलंच अक्षर घाईत चिरडलं जात नाही.

प्रश्न : ताई, विडंबन म्हणजे टिंगल. सरस्वतीच्या अक्षरांची टिंगल लहान मुलांच्या तोंडी का घालता? माझा नातू परवा एका सिनेमाच्या गाण्यावर 'अ आ इ ई' म्हणत होता, मूळ गाणं दारूच्या पार्टीतलं. मला अजिबात आवडलं नाही. — एक आजोबा, गिरगाव

उत्तर : आजोबा, तुमच्या पत्रातल्या अर्ध्या भागाशी मी पूर्ण सहमत आहे, तो भाग आधी घेते. विडंबन कधी एकटं येत नाही, मूळ गाणं सोबत घेऊनच येतं. आपण शब्द बदलले तरी चाल सुरू झाली की जुने शब्द ओठावर येतात, मोठ्यांच्या पण आणि मुलांच्या पण. म्हणून माझी कसोटी अशी आहे, की ज्या गाण्याचे मूळ शब्द नातवाने पाहुण्यांसमोर म्हटले तर तुम्हाला आनंद होईल त्याच गाण्याची चाल घ्यायची, नाहीतर नाही. पार्टीचं गाणं या कसोटीला उतरत नाही, ते सोडून द्यायला सांगा, मात्र नातवाला न रागावता, कारण त्याने अक्षरंच म्हटली हो, त्याचं काय चुकलं.

पण विडंबन म्हणजे टिंगलच असं मी मानत नाही. मराठीत विडंबनाचं नाव निघालं की केशवकुमार म्हणजे आचार्य अत्रे आठवतात, १९२५ सालची 'झेंडूची फुले'. तेच अत्रे पेशाने शिक्षक होते, आणि त्यांनीच पुढे मुलांसाठी 'नवयुग वाचनमाला' काढली, जिच्यावर कित्येक घरांतली एक पिढी वाचायला शिकली. ज्या माणसाला कवितेची चाल आणि बांधणी इतकी आतून कळत होती की तो तिचं विडंबन करू शकला, त्याच माणसाला मुलांच्या कानाला काय गोड लागतं हे पण कळत होतं. मला यात विरोध दिसतच नाही. आणि तुमच्या लहानपणी अंकलिपी घेऊन सगळ्यांनी एका सुरात बाराखडी आणि पाढे म्हटलेच असतील ना, ती पण गाणीच होती की!

प्रश्न : आरतीच्या चालीवर अक्षरं घातली तर चालेल का? घरात सगळ्यांना पाठ असते म्हणून विचारते. सासूबाईंना थोडं खटकलं. — दादर

उत्तर : नको गं. सासूबाईंना खटकलं एवढं कारण पुरे आहे. गणपतीत मूल सगळ्यांसमोर आरतीच्या जागी अक्षरं म्हणेल आणि मग त्यालाच कोणीतरी दटावेल, त्यात त्याचा दोष काहीच नसेल. त्यांनाच विचार त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या आठवतात का, ओवीची चाल अक्षरांना फार सुंदर लागते आणि त्या स्वतः शिकवतील नातवंडांना.

प्रश्न : ताई, आम्ही गुजराती, मुलगा इंग्लिश मीडियमला पहिलीत आहे. आता सगळ्या शाळांमध्ये मराठी कंपल्सरी आहे म्हणून त्याला अक्षरांचं गाणं शिकवते, मला बोलता येते मराठी पण उच्चार बरोबर आहे की नाही डाउट येतो. त्याची टीचर बोलली 'च' सुधारा. 'च'मध्ये काय सुधारायचे? — एक मम्मी, घाटकोपर

उत्तर : किती छान मराठी लिहिलंयत तुम्ही. २०२० सालच्या कायद्याने मराठी सगळ्या शाळांत आलं, पण घरी बसून मुलाबरोबर गाणं म्हणणाऱ्या आईमुळे ते मुलापर्यंत पोचतं.

आधी तुमच्या जमेची बाजू. गुजरातीत 'ळ' आहेच, त्यामुळे मुंबईतल्या कितीतरी मुलांना जे जड जातं ते तुमच्या मुलाला जन्मापासून येतंय. अडचण फक्त च, ज, झ यांची. मराठीत यांचे आवाज दोन दोन आहेत पण लिहायचं अक्षर एकच. 'चिमणी', 'चार', 'चंद्र' यांतला 'च' तुमच्यासारखाच, टाळूचा. पण 'चाक', 'चूल', 'चोर' म्हणताना जीभ पुढे येऊन दातांच्या मागे लागते. तसंच 'जेवण' आणि 'जाळं', 'झेंडा' आणि 'झाड'. एक गंमत करून बघा, 'चमचा' म्हणा आणि लगेच 'चमचे' म्हणा, दुसरा 'च' आपोआप बदलतो की नाही?

आता गाण्यात काय करायचं तर या तीन अक्षरांना एकेक ओळ न देता दोन दोन द्यायच्या, च चिमणीचा आणि च चाकाचा. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात यायला मला स्वतःला फार वर्षं लागली. आपण 'क कमळाचा, ख खटाऱ्याचा' म्हणतो ना, त्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी जो 'चा' येतो तो दातांचाच 'च' आहे! म्हणजे पूर्ण गाणं एकदा म्हटलं की तीस-पस्तीस वेळा त्या उच्चाराची प्रॅक्टिस होते, वेगळं काही करायलाच नको. फक्त तो 'चा' शेजारच्या एखाद्या मराठी आजींच्या तोंडून त्याला एकदोनदा नीट ऐकवा, बाकी त्याचा कान करेल.

प्रश्न : मी अंगणवाडीत आहे. माझ्याकडे मराठी घरातली मुलं थोडी, बाकी हिंदी, उर्दू, थोडी तमिळ. मोबाइल बघून सगळी 'क से कबूतर' म्हणत येतात. मी 'औ औताचा', 'ऐ ऐरणीचा', 'उ उखळाचा' म्हणते तर माझ्याकडे नुसती बघत बसतात, कोणी औत बघितलंच नाही. हिंदीच्या चालीवर मराठी घातलं तर चालेल का? — गोवंडी

उत्तर : चालेल, धावेल. त्यांना पाठ आहे ती चाल घ्या, तिच्यासाठी वेगळी मेहनत कशाला. या शहरात महापालिकेच्याच शाळा आठ भाषांमधून शिकवतात, तर एका वर्गात चार भाषांची मुलं येणारच, आणि मला वाटतं त्या मुलांचे कान आपल्यापेक्षा तयार असतात. पण दोन जागा सांभाळा. हिंदीच्या गाण्यात 'ळ' येतच नाही, त्यामुळे मुलं बाळला बाल म्हणतात आणि डाळला डाल. 'ळ'ने सुरू होणारा शब्द नाही म्हणून आपण 'ळ बाळाचा' म्हणतो, तसं गोळा, नळ, डाळ, फळा हे सगळे शब्द एका कडव्यात घ्या आणि जीभ मागे वळवून ओढून ओढून म्हणायला लावा, मुलांना असली तोंडं करायला फार आवडतात. दुसरी जागा 'ज्ञ'. हिंदीत त्याचा उच्चार 'ग्य' होतो, आपल्याकडे 'द्न्य', तर ज्ञानेश्वरांचं नाव एकदा हळू घेऊन दाखवा.

शब्दांचं म्हणाल तर औत आणि ऐरण मला स्वतःला खूप आवडतात, चित्र दाखवून ते शब्द जिवंत ठेवावेत असंच वाटतं. पण पहिल्या ओळखीला नकोत. पहिल्यांदा अक्षर भेटतं तेव्हा शब्द मुलाच्या रोजच्या बघण्यातला हवा, नाहीतर दोन अनोळखी गोष्टी एकदम समोर येतात. गोवंडीच्या मुलाला काय दिसतं? डबा, छत्री, फलाट, बस, नळ, खिडकी, भेळ, टेम्पो. हे माझं एक कडवं बघा, पावसाळ्यात रचलं होतं, कुठल्याही उड्या मारायच्या चालीत बसतं—

प पावसाचा, पायात पाणी,
फ फलाटाचा, फुग्यांची गाणी,
ब बसचा, बसा बघून,
भ भेळेचा, भरपूर खाऊन,
म मुंबईचा, मी आलो भिजून!

अजून एक खेळ सांगते, याने माझा अख्खा वर्ग वेडा व्हायचा. लोकलमध्ये 'पुढील स्टेशन' अशी अनाउन्समेंट होते ना, तिचीच नक्कल. मुलं एकामागे एक खांद्यावर हात ठेवून गाडी करतात, मी अनाउन्समेंटच्या सुरात म्हणते 'पुढील स्टेशन… द…' आणि मुलं ओरडतात 'दादर!' मग म माटुंगा, श शीव, क कुर्ला, व विद्याविहार, घ घाटकोपर, परत व विक्रोळी, क कांजूरमार्ग, भ भांडुप, न नाहूर, म मुलुंड आणि ठ ठाणे. पूर्ण सेंट्रल लाइनवर अक्षरं सांडलेली आहेत. 'व' परत आला की एखादं मूल स्वतःहून म्हणतं, ताई हे मगाशी पण आलं होतं! अक्षर ओळखलं त्याने, पाठ नुसतं केलं नाही. तुमच्याकडे हार्बरची स्टेशनं घ्या, मानखुर्द, गोवंडी, चेंबूर, टिळकनगर. फळ्यावर पहिलं अक्षर मोठं लिहा, स्टेशनच्या पाटीसारखं पिवळ्या कागदावर काळ्याने.

प्रश्न : मी आणि बायकोने एका जुन्या मराठी सिनेमागीतावर मुळाक्षरं बसवली, शाळेच्या कार्यक्रमात मुलांनी म्हटलं, सगळ्यांना आवडलं. आता व्हिडिओ टाकायचा आहे. काही कायद्याचं लफडं? — मुलुंड

उत्तर : थोडक्यात सांगते. शाळेच्या कार्यक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी ते गाणं म्हटलं तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात त्यासाठी सूट आहे. सगळ्या जगासाठी व्हिडिओ टाकणं वेगळं. आपल्या कायद्यात विडंबनासाठी नाव घेऊन वेगळी सूट दिलेली नाही, आणि चालीवरचा हक्क संगीतकार हयात असेपर्यंत आणि त्यांच्यानंतर साठ वर्षं राहतो, शब्द तुम्ही बदलले तरी चाल त्यांचीच. बाजारातला कराओके ट्रॅक वापरलात तर त्या रेकॉर्डिंगचा हक्क आणखी वेगळा. म्हणून परवानगी घ्या किंवा पारंपरिक चाल घ्या, ओवी, भोंडला, कोळीगीतांतल्या जुन्या चाली, गोंधळ, त्या कोणा एकाच्या नाहीत आणि पेटी-ढोलकी घरच्या माणसाने वाजवली तर ऐकायला कितीतरी गोड लागतं.

प्रश्न : आमच्या पुस्तकात अ ते अः बारा स्वर होते. आता मुलाच्या तक्त्यावर ॲ आणि ऑ पण आहेत. गाण्यात घ्यायचे का? — विक्रोळी

उत्तर : हो, घ्यायचे. २००९ सालच्या सरकारी निर्णयात हे दोन्ही वर्णमालेत घेतले गेले. ॲ ॲम्ब्युलन्सचा, ऑ ऑफिसचा. 'बाबा ऑफिसला गेले' हे मूल रोज ऐकतं, मग ते लिहायचं कसं हे त्याला कळायलाच हवं.

प्रश्न : ताई, खूप काळजीत आहे. माझा मुलगा पाच वर्षांचा झाला, क पासून ज्ञ पर्यंत गाणं न चुकता म्हणतो, सगळे कौतुक करतात. पण पुस्तकात 'र' दाखवला तर ओळखत नाही. मग क पासून सुरू करतो, गात गात 'र' पर्यंत येतो आणि तरी बोट भलतीकडेच ठेवतो. गाण्यामुळे नुकसान झालं का? — एक आई, परळ

उत्तर : नुकसान नाही झालं, अर्धं काम झालंय आणि अर्धं राहिलंय. हे पत्र मी दोनदा वाचलं कारण माझ्या वर्गात अगदी हेच घडलं होतं आणि ते मला अजून लागतं. मी तेव्हा नवीन होते, एका बालवाडीत शिकवायचे, आणि एका जलद सिनेगीतावर मी अक्षरं बसवली होती. वर्षभर मुलं ते गाणं नाचत म्हणायची, स्नेहसंमेलनात टाळ्या मिळाल्या. वर्ष संपताना एका मुलीने मला विचारलं, बाई, यरलव कसा दिसतो? तिला वाटायचं यरलव नावाचा कोणी प्राणी आहे. चार अक्षरं मी चालीच्या नादात एका दमात म्हणत होते आणि एकदाही थांबून, हा बघ य, हा र, असं बोट ठेवून दाखवलं नव्हतं. त्या मुलीने मन लावून सगळं पाठ केलं होतं, कमी पडले ते मी. त्यानंतर मी घाईची चाल कधी घेतली नाही.

गाण्याने क्रम येतो, आणि क्रम कामाचा आहे, पुढे शब्दकोश बघायला लागतो. पण वाचायला क्रम नाही लागत, आकार लागतो. आपल्या जुन्या शिक्षकांना हे नक्की माहीत होतं, म्हणून तर अक्षरओळख 'गमभन' पासून व्हायची. ग, म, भ, न यांची वळणं एकमेकांसारखी, एक जमलं की दुसरं जमतं, आणि लगेच शब्द तयार होतात, मग, नभ, मन, गगन. त्याच्याही आधी धूळपाटीवर बोटाने गिरवायचे, 'ओनामा' शब्द तिथूनच आला ना, ओम नमः सिद्धम् म्हणत गिरवायचं. म्हणजे तोंडाने म्हणणं आणि बोट फिरणं बरोबरच चालायचं.

तर आता असं कर. त्याचं गाणं बंद करू नकोस, त्याला ते प्रिय आहे. फक्त वेग अर्धा कर. परातीत रवा किंवा बारीक रेती घे आणि आठवडाभर फक्त ग म भ न, चारच अक्षरं, त्याच्याच गाण्याच्या चालीवर पण एका अक्षराला एक पूर्ण ओळ, आणि ती ओळ म्हणता म्हणता बोटाने रेतीत तेच अक्षर. ओळ संपेपर्यंत बोट उचलायचं नाही. पुढच्या आठवड्यात र, स, क, प आणि सोबत काना, म्हणजे कान, नाक, पान, रस, सगळे शब्द हाताशी. मधूनच गाणं थांबव आणि म्हण, आता कुठे आहोत? त्याने रेतीकडे बघून सांगायचं. पहिल्यांदा तो परत क पासून सुरू करेल, करू दे. मग एक दिवस 'र' पासूनच पुढे म्हणायला सांग, खेळ म्हणून. आणि संध्याकाळी परळ स्टेशनवर नेऊन पाटीवरचा 'र' शोधायला लाव, तिथे 'प' आहे, 'र' आहे आणि 'ळ' पण आहे. सापडला की मला नक्की कळव.